मर्फीचं निळं पुस्तक : ‘इफ’च्या पाठांसाठी घ्यावं का?

घ्यावं. आधी हे उत्तर देऊन टाकते आणि मग कारणं सांगते, कारण ती जरा लांबणार आहेत.

रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचं पुस्तक पहिल्यांदा १९८५ साली निघालं. सध्या दुकानात मिळते ती पाचवी आवृत्ती, २०१९ची. एकूण १४५ पाठ आहेत आणि प्रत्येक पाठ समोरासमोरच्या दोन पानांत संपतो : डाव्या पानावर समजावणी, उजव्या पानावर सराव. आज मी सगळ्या पुस्तकाबद्दल लिहीत नाही. ३८, ३९ आणि ४० हे ‘इफ’चे तीन पाठ, आणि त्यांच्याबरोबर वाचावेत असे आणखी दोन-तीन, एवढ्यांबद्दलच लिहिते. जर-तरच्या इंग्रजी वाक्यात कुठला काळ घालायचा, हा प्रश्न आपल्या मुलांना जितका छळतो तितका दुसरा कुठलाच छळत नाही. एखादं व्याकरणाचं पुस्तक चांगलं की नुसतं जाड, हे मी याच पाठांवरून ओळखते.

मी कराडला संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेते. माझ्याकडे जास्त करून नर्सिंग झालेल्या मुली येतात. परदेशी नोकरीसाठी त्यांना आयल्ट्स किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असते. बाकी स्पर्धा परीक्षावाले, एखाददुसरा बँकेतला. बहुतेक सगळे मराठी माध्यमातले. त्यांनी शाळेत ‘इफ’ शिकलेला असतो, पण तो सूत्रांच्या रूपात : टाइप वन, टाइप टू, टाइप थ्री. टाइप टू म्हणजे इफ अधिक व्ही-टू (क्रियापदाचं भूतकाळी रूप), पुढे वुड अधिक व्ही-वन (मूळ रूप). सूत्र पाठ असतं, रिकाम्या जागा बरोबर भरता येतात, मार्कही मिळालेले असतात. स्वतःच्या मनातलं वाक्य बोलायची वेळ आली की मात्र कुठलं सूत्र लावायचं ते कळत नाही. सूत्र पुढचं सांगतं. आधीचा निर्णय, म्हणजे आपलं वाक्य मुळात कुठल्या प्रकारचं आहे, तो बोलणाऱ्यानेच घ्यायचा असतो, आणि तो कसा घ्यायचा हे शाळेच्या पुस्तकात फारसं कुणी सांगत नाही.

मर्फी नेमके तिथूनच सुरुवात करतात. ३८व्या पाठाचं शीर्षकच ‘इफ आय डू’ आणि ‘इफ आय डिड’ असं जोडीने आहे. ही गोष्ट होऊ शकेल असं बोलणाऱ्याला वाटतंय, की तो नुसती कल्पना करतोय? पहिलं असेल तर साधा वर्तमानकाळ, दुसरं असेल तर भूतकाळाचं रूप. आणि लगेच स्पष्ट केलंय की रूप भूतकाळाचं असलं तरी अर्थ भूतकाळाचा नाही. एवढं एक वाक्य शाळेत नीट सांगितलं गेलं असतं तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

खरं म्हणजे मराठी माणसाला हे पटायला काहीच हरकत नाही. आपण रोज म्हणतो, ‘उद्या पाऊस आला तर मी येणार नाही.’ गोष्ट उद्याची, आणि क्रियापद ‘आला’. भूतकाळी रूप आपण सर्रास पुढच्या गोष्टीसाठी वापरतो. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुली आधी हसतात आणि मग ‘इफ आय डिड’ची भीती निघून जाते.

अडचण दुसरीकडे आहे. ‘पाऊस आला तर’ हे एकच रूप आपल्याला दोन्हीकडे चालतं, आणि इंग्रजीत तिथे दोन वाटा फुटतात. वर्गातलाच प्रसंग सांगते. एका मुलीने वाक्य दिलं : ‘मला लंडनला नोकरी लागली तर मी आईला घेऊन जाईन.’ इंग्रजीत काय म्हणशील? ‘इफ आय गेट’ की ‘इफ आय गॉट’? मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘ऑफर लेटर आलंय का?’ नव्हतं आलं, परीक्षाच व्हायची होती. मग सगळ्यांनी ठरवून टाकलं की ‘गॉट’, म्हणजे पुढे ‘आय वुड टेक’. ती मुलगी मात्र ठाम होती. म्हणाली, ‘नाही मॅडम, मी जाणारच आहे. मी गेटच म्हणणार.’

तिचं बरोबर होतं. लेटर आलंय की नाही यावर इंग्रजी क्रियापद ठरत नाही, बोलणारा त्या गोष्टीकडे कसं बघतो यावर ठरतं. तेच वाक्य तिच्या शेजारणीने ‘इफ आय गॉट अ जॉब इन लंडन, आय वुड टेक माय मदर विथ मी’ असं म्हटलं असतं तर तेही बरोबर होतं, फक्त ऐकणाऱ्याला कळलं असतं की हिला हे अजून दूरचं वाटतंय. ३८वा पाठ हाच फरक शिकवतो, आणि तो बोलणाऱ्याच्या बाजूने शिकवतो. म्हणून माझ्या मते पुस्तकातल्या सगळ्यांत चांगल्या पाठांपैकी हा एक आहे.

३९वा पाठ आत्ताच्या खोट्या परिस्थितीचा. मला माहीत नाही, पण माहीत असतं तर. इथे मर्फी यांनी ‘इफ’बरोबर ‘विश’ आणून बसवलंय, आणि पुढे ४०व्यातही तेच : होऊन गेलेली गोष्ट वेगळी झाली असती तर, आणि त्याच्या शेजारी ‘आय विश आय हॅड नोन’. ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. ‘विश’ वेगळा, ‘इफ’ वेगळा असं शिकवलं की मुलं दोन स्वतंत्र नियम पाठ करतात. एकत्र आले की दिसतं, दोन्हीकडे इंग्रजी एकच काम करतंय : वस्तुस्थितीपासून लांब जायचं असेल तर काळाची एक पायरी मागे सरकायचं. आत्ताचं खोटं असेल तर ‘न्यू’ (‘नो’चं भूतकाळी रूप), कालचं खोटं असेल तर ‘हॅड नोन’.

इथे मराठी मुलांना एक गोष्ट जास्तीची सांगावी लागते, आणि ती या पुस्तकात असणं शक्य नाही, कारण पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलंय. आपल्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. स्पर्धा परीक्षावाल्यांना हे तोंडपाठ असतं. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हा संकेतार्थ. आता ही दोन वाक्यं बघा :

आज माझ्याकडे गाडी असती तर मी आले असते.
काल माझ्याकडे गाडी असती तर मी आले असते.

क्रियापदात काडीचा फरक नाही. आज की काल, ते एका शब्दाने सांगितलं की आपलं भागलं. इंग्रजीत पहिल्याला ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड कम’ आणि दुसऱ्याला ‘इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव कम’. म्हणजे मराठीत जिथे ‘लागली तर’ आणि ‘लागली असती तर’ अशा दोन रूपांत सगळं बसतं, तिथे इंग्रजीला तीन लागतात, आणि वाटणीच्या रेषाही वेगळ्या जागी पडतात. आपलं पहिलं रूप इंग्रजीतल्या दीड खोल्या व्यापतं आणि दुसरं उरलेल्या दीड. सगळ्यांची गाडी अडते ती या मधल्या खोलीत. तिथलं ‘इफ आय हॅड’ कधी ‘असलं तर’ असतं आणि कधी ‘असतं तर’. हे एकदा कळलं की ३८ आणि ३९ हे दोन पाठ वेगळे का केलेत ते आपोआप उमगतं. दोन्हींत क्रियापदाचं रूप एकच आहे, तरी मर्फी यांनी ते वेगळे ठेवले आणि मराठी वाचकाची नकळत मोठी सोय केली.

‘हॅड हॅड’ हे पुष्कळांना छपाईची चूक वाटते. चूक नाही. पहिला हॅड काळाचा, दुसरा मालकीचा.

आता वुडबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी सुरुवातीला हे वाक्य असतं : ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ शिक्षक यावर लाल रेघ मारतात आणि पुढे जातात. ही चूक येते कुठून, ते बघायला हवं. ‘मला माहीत असतं तर मी आले असते.’ आपल्याकडे वाक्याच्या दोन्ही अंगांना ‘असतं, असते’ आहे. मुलं इमानदारीने दोन्हीकडे तेच ठेवतात, म्हणून वुड दोन्हीकडे येतो. इंग्रजीत दोन अंगांचं काम वेगळं : इफच्या अंगात काळ मागे सरकतो, वुड राहतो फक्त परिणामाच्या अंगात. पुस्तक सांगतं की इफच्या भागात वुड सहसा वापरत नाहीत, आणि ते सांगणं पुरेसं स्पष्ट आहे. बोलण्यात, विशेषतः अमेरिकेत, इफनंतर ‘वुड हॅव’ ऐकू येतं हे खरं आहे. तरी परीक्षेत आणि लेखी कामात ते टाळावं.

४०व्या पाठातली एक छोटी टीप मला फार मोलाची वाटते. ‘आय’ला जोडून येणारं नुसतं ‘ड’, म्हणजे ‘आय’ड’, हे कधी ‘हॅड’ असतं, कधी ‘वुड’. ‘इफ आय’ड सीन यू, आय’ड हॅव स्टॉप्ड.’ एकाच वाक्यात दोन ‘आय’ड’, पहिला हॅडचा, दुसरा वुडचा. ऐकताना मुलांचा गोंधळ होतो तो इथे, आणि त्याच गोंधळातून वुड इफच्या भागात शिरतो. त्यांना दोन्ही ठिकाणी एकच आवाज ऐकू येतो ना! मी वर्गात एवढंच करायला लावते : ‘ड’च्या पुढचा शब्द बघायचा. पुढे ‘सीन’, ‘गॉन’, ‘नोन’ असं तिसरं रूप असेल तर हॅड. पुढे ‘हॅव’, ‘गो’, ‘सी’ असं मूळ रूप असेल तर वुड. हे जमलं की इंग्रजी बातम्या आणि मालिकाही वेगळ्या ऐकू यायला लागतात.

नर्सिंगच्या मुलींसाठी हा विषय परीक्षेपुरता राहत नाही. ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत रोल प्ले असतात, समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो आणि आपण नर्स. तिथे ‘इफ युअर फीव्हर गोज अप टुनाइट, कॉल अस’ म्हणायचं. ‘वेंट अप’ म्हटलं तर समोरच्याला वाटेल की ताप वाढायची काही शक्यता नाही, उगाच बोलतायत. उलट सल्ला मऊ करायचा असेल तर भूतकाळी रूप कामाला येतं : ‘इट वुड बी बेटर इफ यू टुक दीज आफ्टर फूड.’ यात आज्ञा वाटत नाही. आणि ‘इफ यू हॅड कम अर्लिअर’ हे वाक्य व्याकरणाने कितीही शुद्ध असलं तरी आजारी माणसाच्या तोंडावर म्हणू नये, त्यात दोषारोप ऐकू येतो. त्याच्या जागी ‘इफ इट हॅपन्स अगेन, कम स्ट्रेट अवे’ म्हणावं. काळ बदलला की माणसाशी वागणं बदलतं. पुस्तकात दवाखाना नाही, पण ही निवड करायची नजर त्या तीन पाठांतून नक्की येते.

या तिघांच्या आधी २५वा पाठ करावा असं मी आवर्जून सांगेन. तो ‘व्हेन’ आणि ‘इफ’चा आहे : पुढच्या गोष्टीबद्दल बोलताना या शब्दांच्या भागात विल घालायचा नाही, हा त्याचा गाभा. आपण ‘तू येशील तेव्हा सांगेन’ असं म्हणतो, दोन्हीकडे भविष्यकाळ, म्हणून ‘व्हेन यू विल कम’ हे तोंडात येतंच. ‘इफ इट विल रेन’ हे त्याचंच भावंड. २५वा पाठ पक्का झाला की ३८व्याचा अर्धा भाग आधीच झालेला असतो. पुढे ११५वा पाठ ‘अनलेस’चा आहे, तोही याच मालिकेत घ्यावा. ‘अनलेस’मध्ये नकार आत दडलेला असतो आणि मुलं बाहेरून आणखी एक ‘नॉट’ लावतात. ४१वा पाठ ‘विश’वर आहे, तो ४०नंतर लगेच करा, फार वेळ लागत नाही.

आता उणिवा.

मिश्र वाक्यांसाठी वेगळा पाठ नाही. ‘तेव्हा नर्सिंगला प्रवेश घेतला नसता तर आज मी इथे नसते.’ पहिलं अंग कालचं, दुसरं आजचं : ‘इफ आय हॅडन्ट डन नर्सिंग देन, आय वुडन्ट बी हिअर नाउ.’ अशी वाक्यं मुलाखतीत हटकून लागतात, कारण मुलाखत म्हणजे माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब मांडणारच. ज्याला ३९ आणि ४० नीट समजलेत तो दोन्ही जोडून हे वाक्य बनवू शकतो, पण तसं कुणी दाखवावं लागतं. स्वतः शिकणाऱ्याने निदान दहा-बारा वाक्यं स्वतःची लिहून बघावीत.

दुसरं, सरावाचं. पाठाच्या समोरचेच प्रश्न सोडवताना उत्तर कुठल्या साच्यातलं असणार हे आधीच माहीत असतं. ४०व्या पाठाच्या पानावर बसलेला माणूस ‘हॅड’ लिहिणारच. त्यामुळे बरोबर उत्तरांची रांग बघून समाधान होतं आणि निवड करायची सवय लागत नाही. यावर उपाय पुस्तकातच आहे, पण मागे : ‘अ‍ॅडिशनल एक्सरसाइझेस’ या भागात ‘इफ’चे मिसळलेले प्रश्न दिलेत. मुलं तिथपर्यंत जातच नाहीत. पाठ संपल्यावर आठवडाभर थांबून, डावं पान न उघडता ते सोडवावेत. खरी परीक्षा तिथे होते. त्याच्याच पुढे ‘स्टडी गाइड’ आहे, आपल्याला कुठले पाठ लागतील हे त्यावरून ठरवता येतं, आणि सुरुवात पहिल्या पाठापासून करायची काही गरज नाही हे त्यातून कळतं.

तिसरं, सगळी समजावणी इंग्रजीत. भाषा सोपी आहे, वाक्यं आखूड आहेत, वर चित्रं आणि संवाद आहेत. तरीही ज्याला साधं इंग्रजी वाचन जड जातं त्याने एकट्याने हे पुस्तक हातात घेऊ नये. पुस्तकावरच लिहिलंय की ते मध्यम पातळीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि ते अक्षरशः खरं मानावं. ज्यांना हे जड जातं त्यांच्यासाठी मर्फी यांचंच लाल पुस्तक आहे, ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’. त्यातही ‘इफ’ आहे, प्राथमिक पातळीचा. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, त्याआधीचे आम्ही सगळे पाचवीपासून एबीसीडी गिरवलेले. त्या पिढीतले कुणी आता नव्याने शिकत असतील तर लाजायचं काही कारण नाही, लालपासून सुरू करा. ज्यांना निळं पुरत नाही त्यांच्यासाठी हिरवं आहे, मार्टिन ह्युइंग्ज यांचं ‘अ‍ॅडव्हान्स्ड ग्रामर इन यूज’. पण माझा अनुभव असा की निळं अर्धवट सोडून हिरव्याकडे धावणारेच जास्त असतात.

घेताना एक नक्की बघा : ‘विथ आन्सर्स’ लिहिलेली प्रत आहे ना. उत्तरांशिवायचीही आवृत्ती निघते, ती वर्गात शिक्षकासोबत वापरायला. घरी एकट्याने करायचं असेल तर ती काही उपयोगाची नाही. झेरॉक्स काढलेल्या किंवा कुठून उतरवलेल्या प्रतींवर माझा राग आहे, लेखकाचे कष्ट आहेत म्हणून, आणि वापरायच्या दृष्टीनेही. डावं-उजवं पान समोरासमोर असणं हा या पुस्तकाचा प्राण आहे. मोबाइलवर एकेक पान वर सरकवत वाचलं की प्रश्न सोडवताना समजावणी नजरेआड जाते आणि पुस्तक निम्म्यावर येतं. चौथी आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तर बेलाशक घ्या, ‘इफ’चे पाठ तिच्यातही त्याच क्रमांकांवर आहेत. फक्त आतली उत्तरं कुणी पेन्सिलीने भरलेली नाहीत ना, ते उघडून बघा, आणि भरलेली असतील तर दुकानातच खोडरबर मागा.